मामांचे वस्तरे आणि घासायची घाई

“माझे मामा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटातून जुन्या घडीच्या वस्तऱ्यांची एक पेटी निघाली. सुटे आठ-दहा वस्तरे, शिवाय चामड्याच्या डबीत सातांचा एक संच. त्या सातांपैकी प्रत्येकाच्या पाठीवर आठवड्याचा एकेक वार इंग्रजीत कोरलेला आहे. काहींवर शेफील्ड, काहींवर सोलिंगेन असं लिहिलंय. काहींच्या मुठी पांढऱ्या आहेत, त्या हस्तिदंताच्या असाव्यात असं मामी म्हणते. एका पिवळसर मुठीच्या खिळ्यांभोवती हिरवट काहीतरी साचलंय. मी त्यातल्या एकाचा फोटो ऑनलाइन लिलावाच्या साइटवर टाकला, तर तासाभरात निरोप आला : लिलाव बंद करा, सगळे एकरकमी घेतो. भाऊ म्हणतो, आधी बफिंग मशीनवर चकाचक करून घेऊ, दुप्पट पैसे येतील. या सगळ्यात मलाच या वस्तूंची गोडी लागली आणि मी स्वतः बोली लावू लागले. दोनदा शेवटच्या सेकंदांत कुणीतरी वरचढ बोली लावून गेलं. तिसऱ्यांदा जिंकले. ‘उत्तम स्थितीत’ म्हणून घेतलेला तो वस्तरा घरी आला तेव्हा पात्याच्या टाचेला बारीक चीर निघाली. आता त्या चिरेचं काय करू? बाकीचे विकू की ठेवू, घासू की नको, आणि बोली लावायची तरी कधी?”

प्रिय ताई,

चिरेचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यालाच मुदत आहे. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार करायला बहुतेक साइट ठरावीक दिवस देतात आणि ते भराभर संपतात. म्हणून आजच फोटो काढा. पातं उजेडासमोर धरून चीर दोन्ही बाजूंनी दिसेल असे दोन-तीन, शेजारी मोजपट्टी ठेवून एक, आणि ज्या खोक्यातून वस्तरा आला त्या खोक्याचाही एक. मग विक्रेत्याला साइटच्याच संदेशपेटीतून सौम्य शब्दांत कळवा. फोनवर किंवा बाहेरच्या चॅटवर बोलू नका. तिथे काय ठरलं ते साइटला दिसत नाही. विक्रेत्याला कदाचित खरंच माहीत नसेल, टाचेजवळची, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकाजवळची, चीर नवख्या नजरेतून सहज सुटते. पण ‘उत्तम स्थितीत’ हे शब्द त्याचे होते आणि त्या शब्दांवर विसंबून तुम्ही पैसे मोजले. ते परत मागायला संकोच करू नका. तोवर तो वस्तरा पुसू नका, पाजळू नका आणि कुणाला दाढीला तर मुळीच देऊ नका. कडक पोलादातली चीर पुढे सरकत जाते आणि एखाद दिवशी धारेचा तुकडाच निघून येतो. वेल्डिंगने ती जोडावी म्हटलं तर त्या उष्णतेत पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं. म्हणजे दुरुस्ती नाही, परतीच हवी.

आता भाऊ. त्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांना आजच थांबवा. बफिंग मशीनला हात लावण्याआधी हा वस्तरा चालतो कसा ते त्यांना सांगा.

घडीचा वस्तरा पाजळताना त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून धारेचा कोन आपोआप ठरतो, साधारण १६-१७ अंशांच्या आसपास. कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पातं घडवणाऱ्या कारागिराने तो पात्यातच बांधून दिलेला असतो. प्रत्येक पाजळणीत पाठ आणि धार दोन्हींचं थोडं थोडं पोलाद जातं. पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या वस्तऱ्याच्या पाठीवर म्हणूनच एक सपाट चकाकती पट्टी दिसते आणि पातं मूळच्यापेक्षा अरुंद झालेलं असतं. गेलेलं पोलाद कुठल्याही उपायाने परत येत नाही. जुन्या वस्तऱ्याचा संग्राहक पैसे मोजतो ते अजून जे शिल्लक आहे त्याचे : पात्याची मूळ रुंदी, निर्मात्याचा ठळक ठसा, पातं घडवताना कारागिराने सोडलेल्या कडक रेषा, पात्यावरची नक्षी. तुम्ही विकत असा वा घेत असा, बघायचं एवढंच की किती उरलंय.

बफिंगचं चाक हेच सगळं काही मिनिटांत खातं. ठशाच्या अक्षरांच्या कडा गोल होतात. टँगजवळच्या, म्हणजे पातं जिथे मुठीकडे वळतं त्या जाड भागाजवळच्या, खांद्याच्या रेषा विरघळल्यासारख्या दिसू लागतात. पात्यावर आम्लाने कोरलेली नक्षी पुसट होते. तिच्यावर सोनेरी मुलामा असेल तर तो इतका पातळ असतो की साध्या धातूच्या पॉलिशने चार वेळा चोळलं तरी जातो, मशीनची गरजच नाही. सगळ्यात वाईट होते ती उष्णता. वस्तऱ्याचं पोलाद २२०-२३० अंश सेल्सिअसला पिवळसर पडतं, ३०० अंशांच्या जवळ गेलं की निळं. कागदासारखी पातळ धार वेगाने फिरणाऱ्या चाकाखाली तिथवर पोचायला सेकंद पुरतात. निळी पडलेली धार मऊ झालेली असते आणि ती पुन्हा कधी टिकत नाही. जाणकाराला हे फोटोतही दिसतं. पातं आरशासारखं आणि ठसा मात्र विझलेला, असा वस्तरा समोर आला की तो पुढच्या नगाकडे वळतो. दुप्पट राहू द्या, निम्मे पैसेही हातात येणार नाहीत.

मग करायचं काय? फार थोडं. मऊ सुती कापडावर हलकं खनिज तेल घ्या, पात्यावर लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुसा. लाल गंज असेल तिथे हेच दोन-तीनदा करा. काळपट किंवा करडी छटा तशीच राहू द्या. ती वयाची खूण आहे आणि लाल गंजासारखी ती पोलाद खात नाही. खिळे काढून मूठ सुटी करण्याच्या फंदात पडू नका. मूळ खिळ्यांनी, मूळ मुठीत बसलेला वस्तरा आणि नव्याने जोडलेला वस्तरा यांच्या बोलीत मोठा फरक पडतो, आणि नवे खिळे लपत नाहीत. कुणी निर्जंतुक करायला सांगितलं तर अल्कोहोल फक्त पात्याला लावा, मुठीला लागू देऊ नका. का ते पुढे येईलच.

हीच नजर घेऊन आता विकत घ्यायच्या बाजूने बघू.

लिलावाच्या पानावर बहुधा तीन-चार फोटो असतात आणि त्यातले दोन पात्याच्या एकाच बाजूचे. बोली लावण्याआधी विक्रेत्याकडून आणखी फोटो मागायला लाजू नका. पाठीचा वरून काढलेला फोटो मागा. तिथली सपाट पट्टी दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीची आहे का, टाचेपासून टोकापर्यंत सारखी आहे का, हे त्यात कळतं. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असेल तर वस्तरा वाकड्या हाताने पाजळला गेलाय किंवा पातं मुळातच पिळलेलं आहे. धारेचा समोरून, काळ्या कापडावर ठेवून काढलेला फोटो मागा. खाचा आणि चिरा त्यात उठून दिसतात. पातं बाजूने बघताना धार किंचित बाहेर फुगलेली असेल तर चालेल, बरेच जुने वस्तरे तसेच घडवले गेले आणि काहींना तेच आवडतं. मधे आत गेलेली, खोलगट धार मात्र झीज दाखवते आणि ती सरळ करायची म्हणजे पुन्हा पोलाद घालवायचं. वस्तरा बंद केल्यावर पातं मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे बसतं का, हेही एका फोटोत दिसावं. आणि टाच! चिरा तिथे निघतात, कारण पातळ पातं आणि जाड टँग तिथे भेटतात आणि सगळा ताण त्याच सांध्यावर येतो. टाचेचा जवळून, उजेडासमोर काढलेला फोटो मिळत नसेल तर मी ती बोली सोडून देतो. तुम्हीही सोडा.

खड्ड्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. गंजाने पडलेले खड्डे पाठीजवळ किंवा टँगवर असतील तर त्यांचं फार मनावर घेऊ नका. धारेच्या दोन मिलिमीटरच्या आत असतील तर पुढची पाजळणी त्यांच्यातूनच जाणार आणि धार दातेरी होणार. ज्याला त्या वस्तऱ्याने दाढी करायची आहे त्याच्यासाठी असा नग संपला. ज्याला फक्त संग्रहात ठेवायचा आहे त्याच्यासाठी नाही. तुम्ही कोणत्या बाजूच्या आहात हे स्वतःशी आधी ठरवा. संग्रहासाठी आणि दाढीसाठी एकच नग शोधणारे बहुतेक वेळा दोन्हीचे पैसे मोजतात.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात : चार अष्टमांश, पाच अष्टमांश, असं आठपर्यंत आणि कधी त्याहून वर. विसाव्या शतकातले बहुतेक वस्तरे पाच किंवा सहा अष्टमांशांचे असतात. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातले एकोणिसाव्या शतकातले जाड, पाचरीच्या आकाराचे रुंद वस्तरे आज लोक हौसेने शोधतात. त्याच शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या सोलिंगेनमध्ये पात्याच्या दोन्ही बाजू आत कोरून पातळ करण्याची पद्धत भरभराटीला आली आणि जड पाचर हळूहळू मागे पडली. नखाने हलकंच टिचकी मारली तर असं कोरीव पातं गातं. निरोगी पात्याचा आवाज लांबतो. चिरलेल्याचा बद्द येतो. हातात आलेला वस्तरा मी नेहमी असाच तपासतो, आणि तुमच्या सगळ्या वस्तऱ्यांना एकेक टिचकी मारून बघा असं सुचवतो. बोट धारेपासून लांब ठेवा.

टँगवरच्या ठशांनी तुम्हाला नक्कीच भुरळ घातली असेल. त्यांना वेळ द्या, पण घाईने वर्ष ठरवू नका. ‘कास्ट स्टील’ असा ठसा म्हणजे मुशीत वितळवलेलं पोलाद, ज्याची रीत बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात शेफील्डच्या परिसरात बसवली. तो ठसा पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात राहिला, त्यामुळे एकट्या त्यावरून वय सांगता येत नाही. ब्रिटनच्या राजा-राणीच्या नावाची आद्याक्षरं जास्त उपयोगी पडतात : विल्यम चौथा १८३० ते १८३७ एवढाच गादीवर होता, तर व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१. आणखी एक आधार अमेरिकेच्या कायद्याचा आहे. १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने तिथे आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत छापणं बंधनकारक झालं आणि १८९१पासून ते अमलात आलं. म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ छापलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. याचं उलट मात्र धरू नका. देशाचं नाव नाही म्हणजे १८९१च्या आधीचा, असं लिहिणारे विक्रेते खूप आहेत. पण जो माल अमेरिकेला जाणारच नव्हता त्यावर ते नाव छापायची सक्तीही नव्हती.

व्यापारचिन्हांचंही तसंच. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टी क्रूस १७६४पासूनचा, सोलिंगेनच्या हेंकेल्सची जुळी माणसं १७३१ची. पण ही चिन्हं पिढ्यान्‌पिढ्या चालली, म्हणून चिन्हाचं जन्मवर्ष ते वस्तऱ्याचं नव्हे. वेड अँड बुचर, वॉस्टनहोमचं ‘आय एक्स एल’, स्वीडनच्या एस्किल्स्टुना गावच्या हेलयेस्ट्रांडचे वस्तरे, फ्रान्समधल्या तिएरचे, अमेरिकेतल्या जिनीवा कटलरीचे, ही नावं तुमच्या पेटीत सापडली तर विकलेल्या नगांच्या यादीत त्यांचा शोध घ्या. मागितलेल्या किमती बघू नका. कुणीही काहीही मागू शकतं. लिलाव संपून खरोखर मोजल्या गेलेल्या किमती बघा, आणि तुमच्या नगाइतक्याच झिजलेल्या नगांशीच तुलना करा.

आता मुठी. इथे तुम्हाला सगळ्यात जास्त सावध राहायचं आहे आणि यातले दोन मुद्दे पैशांच्या पलीकडचे आहेत.

पहिला तो हिरवटपणा. पिवळसर मूठ, खिळ्यांभोवती हिरवा थर, हे वर्णन सेल्युलॉइडचं वाटतं. १८७०च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिसळून बनवलेल्या या पदार्थाने हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंग, सगळ्यांच्या नकला केल्या, आणि हजारो वस्तऱ्यांच्या मुठी त्याच्या झाल्या. जुनं झाल्यावर हे सेल्युलॉइड आतून विघटित होतं, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात आणि हवेतल्या दमटपणाशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल बनतं. पितळी खिळे त्याने हिरवे होतात. पातं त्याच भागात गंजतं जो बंद असताना मुठीच्या आत राहतो, टँग मात्र स्वच्छ. ही खूण पक्की लक्षात ठेवा. विकत घेताना असा गंज दिसला की मूठ वरून कितीही सुंदर असली तरी ती आजारी आहे. आणि हा आजार शेजाऱ्यांनाही लागतो. तो वस्तरा आजच पेटीतून वेगळा काढा, हवेशीर जागी उघडा ठेवा, बंद डबीत ठेवू नका. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, त्यामुळे तापलेली सुई टोचून मूठ कशाची आहे ते तपासा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अल्कोहोलने ते मऊ पडतं, म्हणून मघाशी मुठीला लावू नका म्हटलं. अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, आणखी तपासणीची गरज नाही.

दुसरा मुद्दा पांढऱ्या मुठींचा. भिंग घ्या. खऱ्या हस्तिदंतात आडव्या छेदाच्या कडेला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात ती नसते. तिथे बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघोट्या असतात, कारण रक्तवाहिन्यांचे मार्ग तिथून गेलेले असतात. सेल्युलॉइडच्या नकलेत अगदी समांतर, एकसारख्या रेषा दिसतात, निसर्गात न शोभणाऱ्या. मामींचा अंदाज बरोबर निघाला आणि खरोखरच हस्तिदंत असला, तर तो वस्तरा ऑनलाइन लिलावात टाकू नका. १९८९मध्ये आफ्रिकी हत्ती ‘साइट्स’ (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला आणि आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास थांबला. ईबे या लिलावाच्या साइटने २००९पासून हस्तिदंताच्या वस्तू विकायला बंदी केली. अमेरिकेने २०१६मध्ये, ब्रिटनने २०१८च्या कायद्याने नियम आणखी आवळले. वस्तू शंभर वर्षांची आहे, मामांची आहे, तुम्ही हत्ती मारलेला नाही, हे सगळं खरं. पण सीमेवर अडकलेल्या पार्सलला यातलं काही सांगता येत नाही. खऱ्या कासवाच्या पाठीच्या मुठींनाही हेच लागू. ‘पांढरी मूठ, तुम्हीच ओळखा’ असं सूचक लिहून विकणारे आहेत. तसं तुम्ही लिहू नका आणि तसं लिहिलेलं विकत घेऊ नका. त्या मागणीनेच हत्ती मरत आले आहेत. तुमच्या देशाचा कायदा आधी विचारून घ्या आणि तोवर ते वस्तरे घरातच राहू द्या. गुराच्या किंवा म्हशीच्या शिंगाच्या मुठींना ही अडचण सहसा येत नाही; त्यांचा शत्रू कीड आहे, बारीक भोकं दिसली की समजा.

कोरीव जहाजं, घोडे, बायकांच्या आकृती असलेल्या पांढऱ्या मुठी लिलावात दिसतील तेव्हा साच्याची शिवण शोधा. राळ किंवा प्लॅस्टिक ओतून, वर चहाच्या रंगाचा डाग देऊन असे नग आजही बनतात. पात्यावर ठसा नसतो किंवा अनोळखी, भव्य नाव असतं. शोभेची वस्तू म्हणून घ्यायचे तर घ्या, पण जुना वस्तरा म्हणून पैसे देऊ नका.

सात वारांचा संच तुमच्या पेटीतला सगळ्यात महत्त्वाचा ऐवज असण्याची शक्यता मोठी आहे. तो फोडू नका, कुणी एखाद-दुसरा वेगळा मागितला तरी. आधी सातही जण खरंच एका घरचे आहेत का बघा. अक्षरांची घडण, टँगवरचा ठसा, पात्याची रुंदी, खिळ्यांचे आकार सगळ्यांत जुळायला हवेत. हरवलेल्या एखाद्या वाराच्या जागी दुसऱ्या संचातला बसवलेला अनेकदा सापडतो. तसं असेल तरी विकता येतं, फक्त ते सांगावं लागतं. पाठीवरची वारांची नावं अजून स्पष्ट वाचता येतात का हेही बघा. नावं ठळक असणं ही चांगली खूण, पण वापर किती झाला ते पाठीच्या दोन्ही बाजूंच्या सपाट पट्ट्यांवरून ठरवा. चामड्याची डबी संचासोबतच विका, पण तोवर वस्तरे तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं. तेलाचा हात फिरवून ते कोरड्या जागी सुटे ठेवा.

एकरकमी घेणाऱ्याला माझं उत्तर सरळ नकार आहे. तो वाईट माणूस असेल असं नाही. पण ज्याने एका फोटोवरून तासाभरात सगळी पेटी मागितली त्याला त्या फोटोत असं काहीतरी दिसलं जे तुम्हाला अजून माहीत नाही. शिवाय लिलाव बंद करून साइटबाहेर व्यवहार केला की पैसे बुडाले तर साइट मधे पडत नाही, आणि बहुतेक साइटना ते नियमातही बसत नाही. नम्रपणे सांगा : बोली लावा.

तुमचं पान लिहिताना मला दोनच गोष्टी हव्यात. उन्हाच्या नव्हे, खिडकीतल्या मऊ उजेडातले भरपूर फोटो, म्हणजे वर मी तुम्हाला मागायला सांगितले ते सगळे, न मागता. आणि वर्णनात प्रत्येक दोष नावानिशी : इथे खड्डे, इथे मुठीला खिळ्याजवळ तडा, पाठीवर एवढी झीज. ‘दुर्मीळ’, ‘अप्रतिम’ या शब्दांनी बोली वाढत नाही. दोष सांगणाऱ्या विक्रेत्याच्या बाकी शब्दांवर विश्वास बसतो, त्याने वाढते. शीर्षकात ठशावरची अक्षरं जशी आहेत तशी, एकही चूक न करता लिहा. लोक नावाने शोधतात, आणि चुकीच्या अक्षरांनी लिहिलेलं पान त्यांना सापडत नाही. (घेताना याचा उलटा फायदा होतो : निर्मात्याचं नाव मुद्दाम चुकीचं लिहून शोधून बघा. कुणाला न सापडलेले नग असे मिळतात.) नावाजलेल्या निर्मात्याचा नग असेल तर कमी रकमेपासून, राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायचीच नाही ती) न ठेवता सुरू करायला हरकत नाही, दोन जाणकार पुरतात. अनोळखी नावाचा नग मात्र ठरावीक किमतीला ठेवून वाट बघा, नाहीतर तो एकाच बोलीत जाईल. आणि भावाला किंवा मैत्रिणीला खोटी बोली लावायला कधीही सांगू नका. ती फसवणूक आहे, कितीही लोक करत असले तरी.

शेवटच्या सेकंदांत हरल्याचं तुम्हाला लागलंय, ते समजतं. पण समोरचा तुमच्यापेक्षा चपळ होता म्हणून जिंकला, असं बहुधा नसतं. अशा साइटवर तुम्ही तुमची कमाल रक्कम सांगता आणि साइट तुमच्या वतीने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा फक्त एक पायरी वर जाते. विल्यम व्हिकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१मध्ये दुसऱ्या बोलीच्या किमतीला विकणाऱ्या लिलावाचं जे गणित मांडलं त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे, आणि त्यातला धडा असा की आपल्याला वस्तू खरोखर जेवढ्याची वाटते तेवढी रक्कम एकदाच, प्रामाणिकपणे सांगावी. तुम्ही थोडं थोडं वाढवत गेलात असं मला वाटतं. तसं करताना आपली खरी रक्कम आपल्यालाच माहीत नसते आणि प्रतिस्पर्ध्याला वाढवायला वेळ मिळतो. आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबे आणि ॲमेझॉन यांच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली. ईबेवर वेळ ठरलेल्या क्षणी संपायची, ॲमेझॉनवर उशिरा बोली आली की वेळ वाढायची. अगदी शेवटी बोली लावण्याची सवय ईबेवर कितीतरी जास्त दिसली. म्हणजे आधी साइटचा नियम बघा. वेळ वाढत नसेल तर आदल्या दिवशी कागदावर रक्कम लिहा आणि शेवटच्या मिनिटात ती एकदाच टाका. वेळ वाढत असेल तर केव्हाही टाका. दोन्हीकडे, कागदावरच्या रकमेच्या वर जाऊ नका. आणि त्या रकमेत टपालखर्च, आयातकर आणि गरज असल्यास पाजळणीचा खर्च धरलेला असू द्या.

पाठवताना वस्तरा बंद करून त्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, धाग्याने बांधा. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने डाग पडतात. पात्यावर तेलाचा पातळ थर, घट्ट खोकं, आणि आत काय आहे ते खरं लिहा. धारदार वस्तूंबाबत प्रत्येक कुरियरचे नियम वेगळे असतात, बोली सुरू होण्याआधीच विचारून ठेवा.

विकू की ठेवू, याचं उत्तर पेटीनेच अर्धं दिलंय. पांढऱ्या मुठीचे आत्ता विकता येत नाहीत. सेल्युलॉइडचा आजारी नग विकायचा तर आजार सांगून, आणि लवकर. बाकी सुटे आधी एक-दोन विकून बघा म्हणजे तुमचा हात बसेल. संच सगळ्यात शेवटी, आणि तोही तुम्हाला विकावासा वाटला तरच. सातही टँगचे आणि पाठींचे फोटो पाठवलेत तर ते एका घरचे आहेत का ते मी बघून कळवतो. भिंग आणलंत की पांढऱ्या मुठींचेही पाठवा.